हिमालयीन स्प्रूस : ओळख आणि रोपांची निगा

पश्चिम हिमालयात सुमारे २,१०० ते ३,६०० मीटर उंचीवर वाढणाऱ्या स्प्रूसला हिमाचल प्रदेशात ‘राई’ म्हणतात. मोहरीशी त्याचा संबंध नाही. बीजसंकलनात गफलत होते ती त्याच्याच सोबतीने वाढणाऱ्या ‘तोस’ अर्थात फर वृक्षाशी. राईचे सुईसारखे पान चौधारी असते, त्यामुळे ते बोटांत सहज फिरते. तोसचे पान चपटे असते. राईचे शंकू खाली लोंबतात आणि बी सांडल्यावर अखंड गळतात. तोसचे उभे शंकू मात्र झाडावरच विखुरतात, म्हणून त्यांची तोडणी लांबवता येत नाही.

राईची रोपे अतिशय सावकाश वाढतात. कोवळेपणी त्यांना सावली व ओलावा हवा. न कुजलेल्या पालापाचोळ्याचा थर जाड असल्यास मूळ मातीपर्यंत पोहोचत नाही व रोप वाळते. तो थर सारून माती उघडी करावी आणि चराई रोखावी.