मॅग्नम, गवा आणि अर्धवट माहिती

पलूस तालुक्यात उसाच्या फडात रानडुकरं शिरतात, सागरेश्वर अभयारण्यातली हरणं पिकात उतरतात. डिसेंबर २०२१ मध्ये तर गवा थेट सांगली शहरात आला होता. असं काही घडलं की मोबाइलवर परदेशी शिकारीचे व्हिडिओ फिरतात आणि कोणीतरी म्हणतंच, ‘मॅग्नम असती तर एका गोळीत आडवा झाला असता.’ या एका वाक्यात बरेच गैरसमज आहेत.

मॅग्नम म्हणजे मोठी गोळी, हा पहिला. .३०-०६ आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम या दोन्ही काडतुसांत गोळी एकाच व्यासाची असते, ७.८ मिलिमीटरची. मॅग्नमच्या पितळी नळकांड्यात दारू जास्त मावते, एवढंच. त्यामुळे १८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ११.७ ग्रॅमची, तीच गोळी सेकंदाला साधारण ८२० मीटरऐवजी ९०० मीटर वेगाने सुटते. ऊर्जा सुमारे २० टक्क्यांनी वाढते. याचा उपयोग लांबच्या नेमाला होतो. उसाच्या फडात तर दहा पावलांपलीकडचं दिसत नाही.

वेग जास्त असला की नेम थोडा चुकला तरी चालतो, हा समज जास्त घातक आहे. मोठा नर गवा ८०० ते १००० किलोपर्यंत भरतो. जाड कातडी, खांद्याचं भक्कम हाड आणि त्यामागे हृदय-फुप्फुसं. मऊ टोकाची वेगवान गोळी जवळून हाडावर बसली तर आत पोचण्याआधीच फुटू शकते. म्हणून आफ्रिकेत रानम्हशीसाठी १९१२ सालचं .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम आजही वापरतात. त्याची ३०० ग्रेनची गोळी सेकंदाला ७७० मीटरच्या आसपास, म्हणजे .३०-०६ पेक्षाही हळू जाते. पण ती जड आणि मजबूत असते, खोल शिरते. डब्ल्यू. डी. एम. बेल या शिकाऱ्याने हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यातले बरेचसे ७ मिलिमीटरच्या साध्या रायफलने. त्याला हत्तीच्या कवटीची रचना पाठ होती. ते ज्ञान काडतुसाबरोबर विकत मिळत नाही.

शिवाय मॅग्नमचा धक्का खांद्याला जोरात बसतो. सराव नसलेला माणूस त्या भीतीने चाप ओढतानाच दचकतो आणि गोळी पोटात किंवा पायात बसते. जखमी जनावर तासन् तास तडफडतं. ते फडात दडलं तर दुसऱ्या दिवशी ऊसतोड टोळीच्या जिवावर बेततं. चुकलेली रायफलची गोळी तीन किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. आपल्या सपाट मुलखात मळ्यामळ्यांवर वस्ती आहे.

आता कायदा. शेतराखणीच्या बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना, असं अनेकांना प्रामाणिकपणे वाटतं. तसं नाही. शस्त्र परवाना शस्त्र बाळगण्याचा असतो. शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची बंदी आहे. गवा पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. रानडुक्करही मोकळं नाही. पिकाची नासाडी होत असली तरी कलम ११ खाली वन विभागाची लेखी परवानगी लागते. जीव वाचवताना जनावर मारावं लागलं तर कायदा संरक्षण देतो, पण मेलेलं जनावर सरकारजमा होतं.

कोल्हापूर संस्थानाचं शिकारीचं रान असलेलं दाजीपूर १९५८ मध्ये गव्यांचं अभयारण्य झालं. माझ्या मते त्या वेळी दाखवलेली समज आपण सोडू नये.

पिकाचं नुकसान भरून न निघाल्याचा शेतकऱ्याचा राग खरा आहे, आणि त्या रागाला वाट आहे. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांत वनरक्षक किंवा वनक्षेत्रपालाकडे अर्ज द्या, पंचनामा करून घ्या. गवा किंवा बिबट्या दिसला तर गर्दी करू नका, पाठलाग करू नका. १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर फोन करा.