घरासाठी व्हिडिओ कॅमेरा घेताना

छावणी, भीमनगर, भावसिंगपुरा या भागात लग्नाच्या आणि जयंतीच्या शूटिंगची हौस जुनी. कपाटावरच्या पेटीत कॅसेटी जपून ठेवलेल्या असतात, पण त्या दाखवणारे यंत्र घरात राहिलेले नसते. नवा कॅमेरा घेणाऱ्याने आधी त्या पेटीकडे एकदा पाहावे.

कॅमेरा कशासाठी हवा, हे घरात बसून ठरवा. मंगल परिणयाला शूटिंगवाला येतोच, त्याच्याशी चढाओढ कशाला? आपली निकड वेगळी आहे. १ सप्टेंबर १९५१ रोजी नागसेनवनात राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला बसली. तो काळ दहाव्या वर्षी पाहिलेली माणसे आज पंच्याऐंशीच्या घरात आहेत. १९७८ ते १९९४ या नामांतराच्या लढ्यात मोर्चाला गेलेल्या आयाबायाही साठी-सत्तरी ओलांडून गेल्या. त्यांचे बोलणे कुणी लिहून ठेवले नसेल, तर ते टिपणार कोण? ११ जुलै १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबारानंतर आनंद पटवर्धन यांनी चौदा वर्षे चित्रण केले आणि २०११ मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा झाला. वस्त्यांतले शाहीर आणि त्यांचे आवाज त्यात राहिले आहेत.

म्हणून चित्रापेक्षा आवाजाकडे जास्त लक्ष द्या. कॅमेऱ्यातला माईक आजीच्या बोलण्याबरोबर पंखा, कुकर आणि गल्लीतली रिक्षासुद्धा ऐकतो. बाहेरचा माईक लावायचे भोक कॅमेऱ्याला आहे का, हे दुकानात पहिल्यांदा विचारा. नसेल तर तो स्वस्तातला कॅमेरा राहू द्या. घरात बरा मोबाईल असेल, तर कॉलरला अडकवायचा माईक आणि तिपाई एवढ्यावरही काम होते. माझे मत विचाराल तर पहिला खर्च याच दोन वस्तूंवर करावा.

खोक्यावर ‘फोर के’ आणि ‘सोळा पट झूम’ मोठ्या अक्षरांत छापलेले असते. त्याला भुलू नका. डिजिटल झूम म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून ताणणे. चेहरा जवळ येतो, पण पुसट होतो. झूम भिंगाचा, म्हणजे ऑप्टिकल हवा. १४ जानेवारीच्या रात्री विद्यापीठ गेटवरच्या गर्दीत लांबून व्यासपीठ टिपायचे तर हा फरक लगेच कळतो.

जुना हॅन्डीकॅम घ्यायलाही हरकत नाही, मात्र कार्डावर चित्रण करणारा घ्या. १९९५ पासून आलेल्या मिनी डीव्ही कॅसेटचा कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी नको. त्यातले चित्रण संगणकात उतरवायला फायरवायरची जोडणी लागते आणि ती नव्या लॅपटॉपला नसते. पेटीत त्याच कॅसेटी असतील तर गोष्ट निराळी. मग त्या उतरवून घेण्यापुरता कुणाचा तरी चालू कॅमेरा मागून आणा. जुना कॅमेरा घेताना दुकानातच अर्धा तास सलग चालवून पाहा, बॅटरीची खरी ताकद तेव्हाच समजते.

ट्यूबलाईटखाली चित्र लुकलुकते अशी तक्रार पुष्कळ जण करतात. आपली वीज पन्नास हर्ट्झची, आणि कॅमेरा तीस किंवा साठ फ्रेमवर लावलेला असतो. तो पंचवीस किंवा पन्नासवर करा, बहुतेक वेळा लुकलुक थांबते. छावणीत लष्करी हद्दीजवळ मात्र पाटी वाचल्याशिवाय कॅमेरा काढू नका.

फुल एचडी चित्रण सेकंदाला चोवीस मेगाबिट या दराने झाले, तर तासाला सुमारे अकरा जीबी जागा लागते. चौसष्ट जीबीच्या कार्डात साडेपाच तास बसतात. बनावट कार्डे बाजारात फार आहेत. नवे कार्ड एकदा पूर्ण भरून, सगळे नीट दिसते का ते पाहावे. चित्रण झाले की त्याच रात्री दोन ठिकाणी उतरवा, आणि फाईलला बोलणाऱ्याचे नाव, गाव व तारीख घाला.