मनातलं सैतानाला कळतं का?

औरंगाबादच्या गारखेड्यात आमच्या ओळखीच्या ख्रिस्ती घरांतून आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी प्रार्थनासभा भरते. गाणी होतात, शास्त्रपाठ होतो, मग चहा येतो. मोठी माणसं पाण्याच्या टँकरचं आणि मुलांच्या अॅडमिशनचं बोलायला लागतात, आणि तेवढ्यात अकरावी-बारावीतलं एखादं पोर जवळ येऊन हळूच विचारतं, मनात येतं ते सैतानाला ऐकू जातं का? प्रत्येकाचे शब्द वेगळे असतात. प्रार्थनेला डोळे मिटले की नेमकी शिवी का आठवते? चर्चमध्ये बसल्यावर नको ती चित्रं का दिसतात? आई रागावली तेव्हा ‘ही मेली तर बरं’ असं मनात आलं, ते पाप झालं का?

तरुणांचा बायबलवर्ग घेताना हे प्रश्न माझ्यापुढे सतत येतात. त्यांची उत्तरं द्यायची आपल्या माणसांना फार घाई असते. सैतानच आणतो असले विचार, त्याला हाकलून दे, उपवास धर, असं सांगून आपण मोकळे होतो. पोर घरी जातं आणि रात्रभर हाकलत बसतं. खरं तर ख्रिस्ती परंपरेने या प्रश्नाचा दीड हजार वर्षांहून अधिक काळ फार बारकाईने विचार केला आहे. तिचं उत्तर धीर देणारं आहे, आणि ते आपल्या मुलांपर्यंत पोचत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सैतान म्हणजे देवाच्या तोडीस तोड असा दुसरा, काळा देव नव्हे. तो देवानेच घडवलेला, बंड करून पतन पावलेला दूत आहे. म्हणजे सामर्थ्य कितीही असलं तरी त्याला सीमा आहे. कॅथलिक चर्चच्या १९९२च्या धर्मशिक्षणग्रंथात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मंदिर अर्पण करताना शलमोनाने केलेली प्रार्थना पहिल्या राजांच्या पुस्तकात, आठव्या अध्यायात आहे. माणसांची अंतःकरणं ओळखणारा तूच एकटा, असं तो परमेश्वराला म्हणतो. ‘एकटा’ म्हटल्यावर दुसऱ्या कुणाला त्यात वाटा उरत नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने याच तत्त्वाच्या आधारावर सांगितलं की मनातले गुप्त विचार देवदूतांनाही थेट कळत नाहीत, मग दुरात्म्यांना कुठून कळणार! चेहऱ्याचा रंग, नाडीचा वेग, हालचाली यांवरून ते फार तर अंदाज बांधतात. सैतान कल्पना चाळवू शकतो, पण माणसाच्या इच्छेला हात घालून ती वळवू शकत नाही, असंही त्याने लिहिलं. त्याच्या आठशे वर्षं आधी जॉन कॅसियनने इजिप्तच्या वाळवंटातल्या तपस्व्यांचे संवाद लिहून ठेवले, त्यांतही हाच निर्वाळा आहे. संत ऑगस्टीनने मात्र एकदा लिहिलं होतं की शरीरावरच्या खुणांवरून दुरात्मे माणसाचे विचार सहज ओळखतात. म्हातारपणी आपली सगळी पुस्तकं पुन्हा तपासताना त्याने कबूल केलं की हे मी फार ठामपणे म्हणून गेलो. एवढ्या मोठ्या आचार्यालाही इथे पाऊल मागे घ्यावंसं वाटलं. आपण मात्र सैतानाला काय काय कळतं ते खात्रीने सांगत सुटतो.

पण मग येशूच्या त्या कडक शब्दांचं काय करायचं? मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं डोंगरावरचं प्रवचन खुनाच्या आधी रागाला धरतं, व्यभिचाराच्या आधी नजरेला. नारायण वामन टिळकांच्या आयुष्याला याच प्रवचनाने वळण दिलं. रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. वाचत वाचत ते या अध्यायांपाशी आले, तेव्हा पुस्तक त्यांना खाली ठेववेना. १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं म्हणणाऱ्या या कवीला इथे काय सापडलं असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये आपल्या वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्याची हकिकत दिली आहे. त्याने सगळं घर कसं जेरीस आलं होतं ते वाचताना अंगावर काटा येतो. शुद्धी भांड्यात आणि वस्त्रात शोधणाऱ्या त्या काळात या प्रवचनाने ती माणसाच्या आत नेली. टिळकांना तेच भिडलं असावं, असं मला वाटतं.

मात्र सोवळं आत नेलं की त्याचा जाच आतही सुरू होऊ शकतो. हात धुऊन धुऊन सोलवटणारा माणूस निदान दुसऱ्याला दिसतो. मन धुणारा कुणालाच दिसत नाही. ऑगस्टीनला हा धोका कळला होता. याच प्रवचनावर भाष्य लिहिताना, सन ३९४च्या सुमारास, त्याने पापाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. आधी सुचतं, मग रुचतं, मग मन त्याला होकार देतं. एदेनच्या बागेत सापाने सुचवलं, हव्वेला रुचलं, आदामाने होकार दिला, अशी त्याने ती गोष्ट लावून दाखवली. पाप पुरं होतं ते होकाराने. येशूने धरलं तेही वासना मनात ठेवून, मुद्दाम पाहत राहणाऱ्या नजरेला. आपोआप डोळ्यांपुढून गेलेलं चित्र त्यात येत नाही. याकोबाच्या पत्रातही हाच क्रम आहे. देव कुणाला मोहात पाडत नाही, माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो, आणि ती वासना गर्भ धरते तेव्हा पाप जन्माला येतं.

हे सगळं प्रेमाने समजावून सांगणारा एक माणूस आपल्या शहराच्या फार जवळचा आहे. जालना रोडवरच्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळेचं नाव इथे कुणाला ठाऊक नाही? १९७७च्या १७ डिसेंबरला औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत झाला, त्याचं कॅथेड्रलही याच संताच्या नावाने आहे. त्याच्या नावाचा मिशनरी संघ १८३८ साली फ्रान्सच्या आल्प्स भागातल्या अॅनसीत स्थापन झाला. त्या संघाचे धर्मगुरू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोगरगावात येऊन राहिले आणि मराठवाड्यातल्या कितीतरी कुटुंबांची श्रद्धा तिथून उगवली. पण या फ्रान्सिसवर एकोणिसाव्या वर्षी काय गुदरलं होतं ते त्या शाळेत शिकलेल्या मुलांनाही क्वचितच माहीत असतं.

१५८६च्या डिसेंबरात तो पॅरिसला शिकत होता. देवाने आपल्याला आधीच टाकून दिलं आहे, आपल्या नशिबी नरकच आहे, असं त्याच्या मनाने घेतलं. काही आठवडे त्याला अन्न गेलं नाही, झोप लागली नाही, शरीर खंगलं. शेवटी एका चर्चमध्ये मरियेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून त्याने ठरवलं, पुढच्या जगात देवावर प्रेम करायला मिळणार नसेल तर निदान या जन्मात तरी करीन. आणि ते ओझं उतरलं. हाच मुलगा पुढे जिनिव्हाचा बिशप झाला. १६०९ साली त्याने संसारी माणसांसाठी भक्तिजीवनावर एक पुस्तक लिहिलं. मोहावरची त्यातली प्रकरणं एकोणिसाव्या वर्षीच्या त्या आठवड्यांतून आलेली आहेत, असं मला वाचताना वारंवार जाणवलं. मोह जाणवणं वेगळं आणि मोहाला होकार देणं वेगळं, हे तो पुन्हा पुन्हा सांगतो. मोह आयुष्यभर टिकला तरी, जोवर तो आपल्याला आवडत नाही तोवर देवाच्या नजरेत आपण उतरत नाही. सिएनाच्या कॅथरीनची गोष्ट त्याने तिथे सांगितली आहे. अभद्र विचारांचं वादळ ओसरल्यावर ती प्रभूला विचारते, माझं मन इतकं बरबटलं होतं तेव्हा तू कुठे होतास? तो म्हणतो, तुझ्या मनातच. तुला त्या विचारांचं दुःख होत होतं ना, ते मी तिथे होतो म्हणून.

बारीकसारीक मोहांना तो डोळ्यांपुढे घोंघावणाऱ्या माश्यांची उपमा देतो. त्यांच्याशी लढू नका, वाद घालू नका, प्रेमाचं एखादं काम हाती घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जाणत्या माणसाला सांगून टाका. संत इग्नेशियस लोयोलाचंही म्हणणं हेच होतं, शत्रूला गुपितच हवं असतं. इग्नेशियस स्वतः १५२२मध्ये मान्रेसा गावी पापाच्या शंकांनी इतका छळला गेला होता की जीव द्यावा असं त्याच्या मनात येऊन गेलं. कॅथलिकांकडे पापनिवेदनात ऐकलेली गोष्ट धर्मगुरूला मरेपर्यंत कुणाला सांगता येत नाही. प्रॉटेस्टंट मंडळींत तसा संस्कार नाही, पण पाळकसाहेब असतात आणि वडीलधारी माणसं असतात. एकमेकांजवळ पापं कबूल करा, हे याकोबाने दोघांनाही सांगितलेलं आहे.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रियसने माणसाला छळणारे आठ विचार नोंदवले: खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, राग, कंटाळा, बडेजाव आणि गर्व. मोठ्या पापांची पुढची यादी यातूनच आली. आपल्या षड्रिपूंशी ती ताडून पाहावी. खिन्नता आणि कंटाळा आपल्याकडे रिपूंत मोजलेले नाहीत. एवाग्रियसने मात्र कंटाळ्याचा दुरात्मा सगळ्यांत जड मानला. तो भर दुपारी येतो. सूर्य जागचा हलत नाही असं वाटायला लावतो, खिडकीकडे बघायला लावतो, कुणी भेटायला येतंय का म्हणून पुन्हा पुन्हा बाहेर डोकावायला लावतो. मे महिन्यात मराठवाड्यातली दुपार काढलेल्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नाही. दुपारच्या या दुरात्म्याचा आधार स्तोत्र ९१मध्ये आहे. संरक्षणाचं स्तोत्र म्हणून आपली माणसं ते तोंडपाठ करतात आणि संकटात म्हणतात. अरण्यात येशूची परीक्षा घेताना सैतानाने जे वचन पुढे केलं तेही याच स्तोत्रातलं. मंदिराच्या टोकावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असं तो शास्त्राच्याच आधाराने म्हणाला. वचन पाठ असल्याने मोह टळतो असं मानणाऱ्यांनी मत्तयाचा चौथा अध्याय सावकाश वाचावा.

मोह पाडणाऱ्याला रूप देण्याचं काम आपल्या मातीतही झालं आहे. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेणीत महापरिनिर्वाणाच्या भव्य मूर्तीजवळच्या भिंतीवर बुद्धाला मोह पाडणाऱ्या माराचा हल्ला कोरला आहे आणि पहिल्या लेणीत तो चितारला आहे. माराचं सैन्य गर्जतंय, त्याच्या मुली नाचताहेत, आणि मध्ये बुद्ध जमिनीला हात लावून निश्चल. कथा वेगळी आहे, उत्तरही वेगळं. बुद्ध पृथ्वीला साक्षी ठेवतो, तर येशू तिन्ही वेळा शास्त्रवचनाने उत्तर देतो. पण दोघेही जागचे हलत नाहीत. आणि आलेला मोह त्या दोघांनाही कमीपणा आणत नाही. मी आमच्या मुलांना त्या भिंतीपुढे उभं करून हे दाखवते.

इंग्रज लेखक जॉन बन्यन यालाही नको त्या विचारांचं हे दुखणं होतं. ख्रिस्ताला विकून टाक, असा विचार त्याच्या डोक्यात दिवसरात्र घुमत असे. ते त्याने १६६६च्या आत्मकथनात लिहिलं आहे. पुढे त्याने यात्रेकरूची प्रसिद्ध रूपककथा लिहिली. १८४१मध्ये हरी केशवजींनी ती मराठीत आणली, आपल्या गद्य कथावाङ्मयाच्या अगदी पहाटे. तीत काळोख्या दरीतून जाताना एक दुष्ट आत्मा यात्रेकरूच्या मागून येऊन कानात ईश्वरनिंदा कुजबुजतो. यात्रेकरूला वाटतं, हे माझ्याच मनातून आलं. तोवरच्या प्रवासात दुसऱ्या कशानेही तो इतका खचलेला नसतो.

१९७८मध्ये रॅकमन आणि डिसिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी निरोगी माणसांना विचारलं, तेव्हा जवळजवळ ऐंशी टक्के लोकांनी सांगितलं की नकोसे, हिंसक किंवा अभद्र विचार आमच्याही मनात अचानक येतात. १९८७मध्ये वेग्नर यांनी काही जणांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं. त्यांना तो टाळता आला नाही, आणि बंदी उठल्यावर तर तो इतरांपेक्षा जास्तच येऊ लागला. माश्यांशी लढू नका, हे सांगणारा फ्रान्सिस इथे शास्त्रज्ञांच्या पंक्तीला बसतो. काहींच्या बाबतीत मात्र हे विचार थांबतच नाहीत. तीच प्रार्थना पहिल्यापासून पुन्हा म्हणावी लागते, तेच पाप पुन्हा पुन्हा कबूल करावं लागतं, अभ्यास सुटतो, झोप उडते. हा मंत्रचळ असू शकतो. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

अशा पोराला धरून सुटकेच्या सभेला नेणं, डोक्यावर हात दाबून ओरडणं, उपाशी ठेवणं, हे मी पाहिलं आहे आणि त्याचा मला संताप येतो. कॅथलिक कायद्यात बिशपच्या स्पष्ट परवानगीशिवाय कुठल्याही धर्मगुरूला भूत काढण्याचा विधी करता येत नाही, आणि त्याआधी हा आजार तर नाही ना, याची खात्री करून घ्यावी लागते. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तर भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, बांधून ठेवणं हा गुन्हा ठरवला आहे. प्रार्थना जरूर करावी, पोराच्या शेजारी बसून, त्याच्या संमतीने, हळू आवाजात. आणि त्याच आठवड्यात त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावं. तिथवर जायला घरचे कचरत असतील तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. वर्गाच्या पहिल्याच दिवशी मी तो मुलांना वहीत लिहून घ्यायला लावते, स्तोत्र ९१च्या शेजारी.