उतारावर उभी रिक्षा

मुरूडहून राजपुरीच्या धक्क्याकडे जातांना रस्ता डोंगर चढतो आणि पलीकडे समुद्राकडे उतरूं लागतो. तेथून जंजिरा दृष्टीस पडतो. साहजिकच प्रवासी रिक्षा थांबवावयास सांगतात. अशा उतारावर उभ्या रिक्षेस धरून कोण ठेवतें?

मोटारसायकलचा भार उभी करतांना स्टँडवर पडतो. तिचाकीस तो आधार नाहीं. ती चाकांवरच उभी, म्हणून घरंगळण्यास सदैव सिद्ध! तिचें रक्षण हँडब्रेक करतो. दांडा ओढतांच तार ताणली जाते आणि मागच्या चाकांच्या ड्रममध्यें लायनर आंतून घट्ट बसतात. परंतु कालांतरानें तार सैल पडते, लायनर झिजतात. त्यांत कोंकणची खारी हवा व पाऊस! आवरणांत पाणी शिरून तार गंजते. मग ती कधीं अडकते, कधीं तुटते. दांडा ओढला म्हणजे चाक बांधलें गेलेंच, असें समजणें धोक्याचें होय.

म्हणून दुसरा आधार हवाच. इंजिन बंद करून गाडी गिअरमध्यें ठेवावी. तोंड चढाकडे असतां पहिला, उताराकडे असतां रिव्हर्स. इंजिनांत कोंडलेली हवा चाकांस अडवते. विजेच्या रिक्षेंत बहुधा ही सोय नसते. तेव्हां पुढचें चाक रस्त्याच्या कडेकडे वळवावें आणि उताराच्या बाजूनें चाकाखालीं दगड अगर लाकडी पाचर द्यावी. निघतांना आधीं पायब्रेक दाबावा, मगच पाचर काढवावी.

मागें बसलेल्या लेंकरांचा जीव एका गंजक्या तारेवर सोंपवूं नये.