अनोळखी माणसाची पत

उच्च शिक्षणासाठी, रुग्णालयातील परिचारिकेच्या नोकरीसाठी अथवा संगणकक्षेत्रातील कामासाठी ब्रिटनमध्ये नव्याने दाखल झालेल्या मराठी माणसास, भाड्याच्या घराचा करारनामा आणि बँकेतील खाते ही दोन दिव्ये आटोपल्यानंतर, जो पहिला अनपेक्षित नकार पचवावा लागतो तो पुष्कळदा मोबाइल फोनच्या दुकानातला असतो. मासिक हप्त्याने फोन देणाऱ्या कंपनीकडे तो अर्ज करतो, नाव, पत्ता, जन्मतारीख आणि बँकखात्याचा क्रमांक भरून देतो, आणि क्षणार्धात पडद्यावर उत्तर उमटते की अर्ज मान्य करता येत नाही. ज्याने कोणाची कवडी बुडवलेली नाही, ज्याच्या गृहकर्जाचा एकही हप्ता मायदेशी कधी थकला नाही, त्याला हा आपल्या सचोटीवरचा ठपका वाटतो, आणि संकोचापायी तो घरच्यांपाशीही त्याची वाच्यता करीत नाही. असा संकोच बाळगण्याचे काडीमात्र कारण नाही, हे आरंभीच निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे.

वस्तुतः हा व्यवहार विक्रीपेक्षा कर्जाच्या जातीचा आहे. शेकडो, प्रसंगी हजार पौंडांहून अधिक किमतीचा फोन कंपनी पहिल्याच दिवशी ग्राहकाच्या हाती ठेवते, त्याबद्दल तारण घेत नाही, जामीन मागत नाही, आणि दोनतीन वर्षांच्या मुदतीत दरमहा वसुली होईल एवढ्या भरवशावर थांबते. कित्येक कंपन्या तर फोनच्या किमतीपुरता 1974 च्या ग्राहक-पत कायद्याखाली येणारा स्वतंत्र कर्जकरारच लिहून घेतात. अशा वेळी देणाऱ्याने घेणाऱ्याची चौकशी करावी यात गैर काही नाही. हुंडीच्या काळातील पेढीवालाही ती केल्यावाचून राहत नसे. परंतु चौकशीत चांगले वा वाईट काहीच हाती लागले नाही, तर त्या शून्याचा अर्थ काय लावायचा, येथे खरी अडचण उभी राहते.

ब्रिटनमध्ये या चौकशीची सामग्री एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या तीन पतमाहिती संस्थांच्या दफ्तरी असते. कोणी कोठे कर्ज काढले, हप्ते वेळेवर भरले की नाही, न्यायालयाने थकबाकीचा हुकूमनामा दिला आहे काय, या सर्वांची खतावणी तेथे ठेवली जाते, आणि थकबाकीची नोंद सहा वर्षांपर्यंत कायम राहते. या पद्धतीची मुळे जुनी आहेत. 1826 साली मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी गार्डियन सोसायटी नावाचे मंडळ स्थापून देणे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकांची माहिती परस्परांना कळवण्यास आरंभ केला, आणि कालांतराने ते मंडळ एक्स्पीरियनमध्ये समाविष्ट झाले. मात्र त्या मंडळातील सभासद एकाच शहराचे रहिवासी होते आणि ज्याच्याविषयी लिहीत त्याला बहुधा ओळखत होते. आजचे यंत्र कोणालाच ओळखत नाही, ते केवळ नोंदी जुळवते. आणखी एक गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते. सर्वांना बंधनकारक असा एकच पतगुणांक अस्तित्वात नाही. प्रत्येक कंपनी या नोंदींना स्वतःचे निकष लावते, त्यामुळे एकीने नाकारलेला अर्ज दुसरी स्वीकारू शकते.

नव्या रहिवाशाची गाठ या दफ्तरातील कोऱ्या पानाशी पडते. आपल्याकडे ज्याला सारेजण सरसकट ‘सिबिल’ म्हणतात ती 2000 साली मुंबईत स्थापन झालेली संस्था आज ट्रान्सयुनियनच्याच नावाने चालते, आणि 300 ते 900 या मापात तिने एखाद्याला 820 गुण दिलेले असतील. तरीही सर्वसाधारणपणे ती नोंद समुद्रापलीकडील त्याच नावाच्या दफ्तरात पोचत नाही, कारण प्रत्येक देशाचा माहितीविषयक कायदा निराळा आणि नोंदवही निराळी. ज्याची माहिती नाही त्याला बुडव्याच्याच रांगेत उभे करणारी ही रीत मला अन्याय्य वाटते. अनोळखी माणूस आणि अप्रामाणिक माणूस यांत भेद करण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर आहे, आणि थोडी अनामत घेऊन तो भेद सहज करता येण्याजोगा आहे.

कोरे पान भरावे कसे, याचे उत्तर पुष्कळांच्या कल्पनेबाहेरचे आहे. भारतीय नागरिक हा राष्ट्रकुलाचा नागरिक असल्यामुळे, ब्रिटनमध्ये राहण्याचा वैध परवाना असलेल्या प्रौढ भारतीयास, मग तो विद्यार्थी का असेना, तेथील मतदारयादीत नाव नोंदवण्याचा आणि पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत देण्याचा अधिकार आहे. या यादीची संपूर्ण प्रत पतमाहिती संस्थांना मिळते आणि अर्जदार खरोखरच त्या पत्त्यावर राहतो काय, याची रुजवात तिच्यावरून घातली जाते. नोंदणीस एक पेनीही पडत नाही, आणि तरीही कित्येकजण परका देश म्हणून या अधिकाराची विचारपूसच करीत नाहीत. दुसरी अडचण आपल्या नावांची आहे. पासपोर्टावर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे अथवा पतीचे नाव, बँकेत केवळ आद्याक्षर, वीजबिलावर आडनाव आधी, आणि सदनिकेचा क्रमांक एका कागदावर इमारतीच्या नावापूर्वी तर दुसऱ्यावर नंतर, अशी स्थिती असली की एकाच व्यक्तीच्या नोंदी यंत्राला दोन व्यक्तींच्या वाटू शकतात. सर्व कागदांवर नाव व पत्ता अक्षरशः एकसारखा ठेवणे हा यावरील साधा इलाज होय.

नकार आलाच तर त्या दिवशी दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या कंपनीकडे धाव घेऊ नये, कारण प्रत्येक पूर्ण अर्जाची खूण दफ्तरात उमटते आणि थोड्या अवधीतील अनेक खुणा पुढच्या कंपनीला अर्जदाराच्या निकडीचे लक्षण वाटतात. प्रथम आपल्याविषयी काय लिहिले आहे ते पाहावे. तिन्ही संस्थांनी मूळ अहवाल विनामूल्य दिलाच पाहिजे असा कायदा आहे. कर्जकरार नाकारला गेला असेल तर कोणत्या संस्थेची माहिती पाहिली तिचे नाव व पत्ता कंपनीकडे लेखी मागता येतो. नोंद चुकीची आढळल्यास दुरुस्तीची हरकत घेता येते व संस्थेला 28 दिवसांत उत्तर द्यावे लागते. आणि दुरुस्ती नाकारली गेली तर 200 शब्दांपर्यंतचे आपले निवेदन त्या नोंदीला जोडण्याचा हक्क राहतो. माणसाच्या सहभागावाचून केवळ यंत्राने दिलेला गंभीर परिणामाचा निर्णय असेल, तर माणसाकडून फेरतपासणी मागण्याची तरतूदही माहिती-संरक्षणाच्या कायद्यात आहे. आधीच्या भाडेकरूने देणे बुडवल्यामुळे सारा पत्ताच काळ्या यादीत जातो, ही समजूत मात्र निराधार आहे. संयुक्त खात्यासारखा आर्थिक संबंध असल्याशिवाय दुसऱ्याचे देणे आपल्या नोंदीशी जोडले जात नाही.

तोवर आगाऊ पैसे भरून वापरण्याचे सिमकार्ड पुरेसे आहे. त्यासाठी अशी चौकशी होत नाही. पुढे काही महिन्यांनी, फोनाविना केवळ सिमकार्डाचा, महिन्याच्या मुदतीचा स्वस्त करार मिळाला आणि त्याची बिले बँकेतून नियमितपणे भरली गेली, तर पुष्कळदा त्याचीही नोंद होऊन पान भरू लागते.

लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 पासून उभे आहे आणि ब्रिटनच्या इतर शहरांतही मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या स्थिरावली आहेत. माझी त्यांना कळकळीची विनंती आहे की नव्याने आलेल्या मुलामुलींना सणावाराचे आमंत्रण धाडताना मतदारयादीच्या नोंदणीची ही माहितीही पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हाती द्यावी.