उन्हाळ्यातील फुलपाखरांची वही

भोपाळच्या कडक उन्हातही मोठ्या तलावाकाठी फुलपाखरे ओल्या मातीतील क्षार शोषताना दिसतात. ती ओळखून नोंदवावीत, असे आम्ही सुचवितो.

काळ्या पंखांवर पिवळसर ठिपके असलेले फुलपाखरू लिंबावर अंडी घालते. त्याची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवी होते. ती रोपाची कोवळी पाने खाते. हाताने वेचून काढावी. केशरी पंखांचे, काळ्या टोकांवर पांढरा पट्टा असलेले फुलपाखरू मात्र रुईवर वाढते. पिकास त्याचा उपद्रव नाही. सरसकट फवारणीने मधमाश्याही मरतात.

वहीत तारीख, जागा, झाड व अळीचा रंग लिहावा. दोन-तीन उन्हाळ्यांत अळी येण्याची वेळ कळेल. आधी ओळख, मग औषध.