कुजक्या ओंडक्यांचा वाफा

पानगळ सुरू झाली की पालापाचोळा पेटवून अंगण स्वच्छ करण्याची आपली रीत आहे. वस्तुतः त्या धुराबरोबर जमिनीचे अन्नच उडून जाते. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला काडीकचऱ्याचे खत करण्याची पद्धत सिद्ध केली. तेच तत्त्व वाफ्यासही लागू पडते. हातभर खोल चर खणून तळाशी कुजके ओंडके रचावेत. वर फांद्या, हिरवा पाला, शेण आणि शेवटी वीतभर माती घालावी. कुजके लाकूड पाणी धरून ठेवते व उन्हाळ्यात मुळांना पुरविते. ताजे लाकूड मात्र टाळावे. ते कुजविणारे सूक्ष्म जीव मातीतील नत्र ओढून घेतात व रोपे पिवळी पडतात. वाळवीच्या भयास्तव वाफा घराच्या भिंतीपासून दूर असावा. लाकूड कुजेल तसा तो खचेल. पुढच्या पानगळीचा पाला तेव्हा त्यावरच पसरावा.